ऑर्व्हिलने बसवलेली दुर्बीण

आमच्या मेरिट क्रीकमध्ये शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवायची ती ऑर्व्हिल स्टेनेरूडनेच, असं अठ्ठेचाळीस वर्षं चालत आलं होतं. त्यातली शेवटची तीन वर्षं दुर्बीण दोघे जण बसवायचे. आधी ऑर्व्हिल, मग मी. ही गोष्ट ऑर्व्हिल सोडून गावात सगळ्यांना ठाऊक होती.

माझं दुकान चौकात आहे. गुरांचं खाद्य, कुंपणाची तार, खिळे, रबरी बूट, काडतुसं आणि काचेच्या कपाटात दुर्बिणी. कुणाला जुनी बंदूक विकायची असली तर तीही माझ्याकडे ठेवून जातात. मधोमध शेगडी आहे आणि तिच्याभोवती चार खुर्च्या. सकाळी सात ते नऊ त्या खुर्च्यांवर बसून गावातले म्हातारे माझी कॉफी पितात आणि धंदा कसा करावा हे मला शिकवतात. नवरा गेल्यापासून हे सल्ले दुप्पट झालेत. मी ऐकून घेते आणि मला करायचं तेच करते.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात वेंडेल प्राउटी बंदूक घेऊन मागच्या दाराने आला. वेंडेल म्हणजे चारशे गुरांचा मालक, सहा फूट दोन इंच, पण बोलायचं अवघड असलं की मागच्या दाराने येणारा.

"नोरीन, जरा यातून बघ," तो म्हणाला. "एक तर डोंगर कललाय, नाहीतर माझं डोकं."

मी बघितलं. दुर्बिणीतली नेम धरायची फुली चांगलीच तिरकी होती. सरळ धरायची तर बंदूकच वाकडी धरावी लागत होती.

"ऑर्व्हिलने बसवली?"

"परवाच."

मी दुर्बीण काढली, तर खाली आणखी एक भानगड. दुर्बीण दोन कड्यांमध्ये बसते, कड्या एका पट्टीवर बसतात आणि पट्टी बंदुकीच्या पाठीवर चार स्क्रूंनी आवळलेली असते. त्यातले पुढचे दोन स्क्रू जरा आखूड असतात. लांब स्क्रू चुकून पुढच्या भोकात गेला तर त्याचं टोक तळाला टेकतं. हाताला वाटतं, घट्ट बसलं. पट्टी मात्र मोकळीच राहते आणि पाच-दहा बारांनंतर किंवा गाडीच्या धक्क्यांनी सरकायला लागते. हे मला विसाव्या वर्षी ऑर्व्हिलनेच शिकवलं होतं, माझ्या बापाच्या सांगण्यावरून. आणि आता वेंडेलच्या बंदुकीत पुढच्या भोकात लांब स्क्रू होता.

ऑर्व्हिलच्या डोळ्यांचं आम्हाला अर्धवट माहीत होतं. मोतीबिंदू नव्हता, आतल्या पडद्याचं काहीतरी होतं, ज्यावर इलाज नाही. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तो माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायला लागला होता. पण याबद्दल तो कुणाशी बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी दूर. घरामागचं ते कामाचं खोपटं, एवढंच त्याचं उरलं होतं.

"सांगायचं कुणी?" वेंडेलने विचारलं.

"तू सांग. तुझी बंदूक."

"मला गुरं विकायला न्यायचीत," तो म्हणाला. जणू काही गुरं सबंध वर्षभर विकायला न्यायची होती.

मी स्क्रू बदलले, फुली सरळ केली आणि बंदूक त्याला दिली. पुढच्या आठवड्यात दुसरा आला, मग तिसरा. कुणी बसून ठरवलं नाही, पण शिरस्ता पडला. ऑर्व्हिलकडून बंदूक घ्यायची, त्याला मनापासून शाबासकी द्यायची, त्याच्या खिडकीतून दिसू नये म्हणून धान्याच्या कोठाराला वळसा घालायचा आणि माझ्या मागच्या दाराशी यायचं. ऑक्टोबरातल्या शनिवारी तिथे चार-चार गाड्या उभ्या असायच्या. आम्हाला स्वतःचं फार कौतुक होतं. इतकं चांगलं गाव कुठे असेल, असं एकमेकांना सांगायचंच काय ते बाकी होतं.

थिआ रॉसमन आमच्या शाळेची मास्तरीण. अठरा मुलं, दोन खोल्या, ती एकटी. ओहायोतून आली होती, वेंडेलच्या खळ्यामागच्या छोट्या घरात भाड्याने राहायची. पहिलं वर्षभर तिने लोकांनी दिलेलं एल्कचं, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाचं, मांस खाल्लं. दुसऱ्या वर्षी म्हणाली, आता आपलं आपण आणायचं. परवान्यासाठी लागणारा शिकारीचा वर्ग इथे बारा वर्षांची पोरं करतात. ती त्यांच्यात लहानशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि पहिली आली. मग वेंडेलच्या चुलतभावाकडून एक जुनी, पण चांगली बंदूक घेतली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी दुर्बीण घ्यायला माझ्याकडे आली. हातात वही होती.

"मला सगळ्यात जास्त मोठं दाखवणारी हवी," ती म्हणाली. "चोवीस पट."

"कशाला? एल्कला नाव विचारायचंय?"

शेगडीजवळचे हसले. ती हसली नाही, वहीत बघत राहिली. "लांबून नीट दिसावं म्हणून. चुकायला नको."

मी चोवीस पटीची काढून तिच्या हातात दिली आणि तिला दारात नेलं. "कोठाराच्या छपरावर कबुतर बसलंय. शोध."

ती शोधत राहिली. दुर्बीण आभाळात गेली, पत्र्यावर गेली, परत आभाळात गेली. हाताचा थोडासा कंपही आत भूकंपाएवढा दिसतो, हे तिला अर्ध्या मिनिटात कळलं. मग मी तीन ते नऊ पटीची दिली, तीनवर लावून.

"दिसलं," ती लगेच म्हणाली. "दोन आहेत."

"बघ. झाडीत एल्क तुझ्यासाठी फोटोला उभा राहत नाही. तू शोधत बसशील तोवर तो पलीकडच्या खोऱ्यात चरत असेल. ही तीनवर ठेव आणि विसरून जा. लांबचा असला आणि वेळ असला तरच नऊवर फिरव. आणि पुढची काच फार मोठी घेऊ नकोस. ती जितकी मोठी तितकी दुर्बीण नळीपासून वर बसते. मग गाल दस्त्यावर टेकत नाही आणि मान कोंबडीसारखी उंच करून बघावं लागतं."

"आणि डोळ्यापासून किती अंतर?"

"चार बोटं," शेगडीजवळून ऑर्व्हिल म्हणाला. "त्याहून कमी ठेवलंस तर हे मिळतं." त्याने टोपी मागे सरकवून उजव्या भुवईवरची चंद्रकोर दाखवली. बंदुकीचा धक्का बसून दुर्बिणीची कड आत घुसते तेव्हा ती उमटते. आमच्याकडे निम्म्या लोकांना आहे. "ही माझी पदवी. उद्या आण बंदूक. आणि जाडा कोट घालून ये."

"उद्या? अजून ऊन आहे की बाहेर."

"नोव्हेंबरात बर्फात काय घालणारेस, झगा? कोटाने खांदा दोन बोटं जाड होतो, त्यामुळे डोळा मागे जातो. शर्टावर माप घेऊन दुर्बीण बसवली तर ऐन वेळी आत काळं दिसतं. काय समजलीस, मास्तरीणबाई?"

तिने ते वहीत लिहून घेतलं. त्याला ते दिसलं नसणार, पण पेन्सिलीचा आवाज ऐकू आला आणि तो खुलला.

तो समोर बसलेला असताना मी तिला काय सांगणार होते? म्हटलं, नंतर सांगू.

चौथ्या दिवशी ती काडतुसं घ्यायला आली. ऑर्व्हिल नव्हता, वेंडेल होता. ती उत्साहाने सांगत होती. ऑर्व्हिलने बंदूक वाइसच्या पकडीत आवळली, नळीच्या मागचा बोल्ट काढला आणि तिला मागून नळीत बघायला लावलं. खिडकीतून दिसणाऱ्या तारेच्या खांबावरचा पांढरा गोळा नळीच्या मधोमध आला का, हे तिनेच सांगायचं. मग बंदूक न हलवता फुली त्या गोळ्यावर आणायची, तीही तिनेच सांगायची. खोपट्याबाहेर तुळईला ओळंबा टांगलेला, त्याच्या दोरीवर फुलीची उभी रेघ जुळवायची.

"ती मात्र त्यांनी स्वतः जुळवली," ती म्हणाली. "बाकी सगळं मला करू दिलं. तुझी बंदूक आहे, तूच बघ, म्हणाले. इतका विश्वास कोण टाकतं नवख्या माणसावर?"

मी वेंडेलकडे बघितलं. वेंडेलने माझ्याकडे बघितलं.

"बंदूक ठेवून जा इथे," मी म्हटलं. "तेल देते."

"नको, त्यांनी दिलंय."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात आम्ही तिघंच होतो. मी का नाही सांगितलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिला सांगितलं असतं तर ती सरळ ऑर्व्हिलकडे गेली असती. अठरा पोरांना दिवसभर खरं बोला म्हणणारी बाई मागच्या दाराने आली नसती. आमचा तीन वर्षांचा शिरस्ता एका दुपारी मोडला असता. म्हणून मी मनाशी म्हटलं, ती वेंडेलच्या घरात राहते, वेंडेल बघून घेईल. वेंडेलने मनाशी म्हटलं, दुर्बीण नोरीनने विकली, नोरीन बघून घेईल.

रविवारी ती खडीच्या खाणीत जाऊन पाच बार काढून आली आणि मला कागद दाखवला. पाचही भोकं चहाच्या बशीत मावतील एवढ्यात होती. मला हायसं वाटलं. लांब-आखूड स्क्रू या वेळी आपोआप योग्य भोकात गेले असतील, असं धरून चालले. तसं धरणं सोयीचं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती, तेव्हा ती आणि वेंडेल वरच्या खोऱ्यात गेले. तिथवर एकोणीस मैल रस्ता आहे, सगळा खाचखळग्यांचा. गाडीत बसलेल्याची बत्तिशी वाजते. सकाळी आठच्या सुमाराला एकशे ऐंशी यार्डांवर एल्कची एक मादी आडवी उभी राहिली. थिआने बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, सावकाश चाप ओढला. मादी पाठ वाकवून चालत झाडीत गेली.

पाठ वाकली म्हणजे गोळी पोटात लागली. हे तिला वर्गात शिकवलं होतं.

ती दोघं दोन दिवस रक्तामागे चालली. दुसऱ्या दुपारी बर्फ पडायला लागलं आणि तासाभरात सगळं झाकून गेलं. पोटात गोळी लागलेलं जनावर लवकर मरत नाही.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली. वेंडेल तिच्या मागे हातात टोपी घेऊन उभा होता. तिने बंदूक काउंटरवर ठेवली, शेजारी तिचा एल्कचा परवाना ठेवला. परवान्यावरच्या तारखेला आणि महिन्याला खाच पाडलेली होती. जनावर मिळालं की ती खाच पाडायची असते, मग त्या वर्षीची शिकार संपते. जखमी होऊन हरवलेल्या जनावरासाठी ती पाडा असं कायदा म्हणत नाही, पण आमच्या खोऱ्यात पाडतात. निदान पाडावी असं म्हणतात. मी माझ्या आयुष्यात पाडलेली तीनदाच बघितली आहे.

"ही विका," ती म्हणाली.

"पहिल्या वर्षी होतं असं."

"फुली खांद्याच्या मागे होती. मी श्वास सोडून थांबले होते. मला अजून दिसतंय कुठे होती ते. आणि गोळी दीड हात मागे लागली. म्हणजे मी हलले. नाहीतर घाबरून डोळे मिटले आणि मला कळलंसुद्धा नाही."

"असंच काही नाही," मी म्हटलं.

"मग दुसरं काय असणार? दुर्बीण मिस्टर स्टेनेरूडनी बसवलीय." तिचे डोळे सुजलेले होते. "त्यांना नका सांगू. इतक्या आपुलकीने सगळं शिकवलं त्यांनी मला. मुलांना काय सांगू सोमवारी, तेही कळत नाहीये."

"चल थिआ," वेंडेल म्हणाला. "सगळ्यांच्या हातून होतं."

ती गेल्यावर मी अंगठा आणि बोट पट्टीच्या सांध्यावर ठेवून दुर्बीण हलवली. हलली. जेमतेम नखाच्या जाडीएवढी, पण एकशे ऐंशी यार्डांवर तेवढी पुरते.

मला लाज वाटली. खरोखर वाटली. आणि ती वाटून मी काय केलं? चापाच्या कडीला 'विकणे आहे'ची चिठ्ठी बांधली आणि बंदूक भिंतीवर लावली. स्क्रू संध्याकाळी बदलू म्हटलं. संध्याकाळी खाद्याचा ट्रक आला.

दोन दिवसांनी शनिवारी सकाळी ऑर्व्हिल आला, कोट टांगायला भिंतीकडे गेला आणि त्याचा हात बंदुकीच्या दस्त्यावर पडला. दस्त्यावरून बोटं फिरवत तो थांबला.

"ही मास्तरणीची ना?"

शेगडीजवळ वेंडेल एकटाच होता.

"हिच्या दस्त्याला मी तेल लावलंय. इथे एक खळगा आहे, कुंपणाच्या तारेचा. ही इथे का?"

"ती विकतेय," मी म्हटलं.

"का?"

वेंडेलने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कॉफीच्या कपाकडे बघत. ऑर्व्हिल ऐकत उभा राहिला. मग त्याने बंदूक खाली घेतली, बोल्ट उघडून करंगळीने आत चाचपून रिकामी असल्याची खात्री केली आणि अंगठा नेमका त्या सांध्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने दुर्बिणीवर हलकी चापट मारली. पुन्हा मारली.

"नोरीन, तू हिला हात लावलायस?"

एक शब्द पुरला असता. हो. मी सैल केली, साफ करायला काढली होती. तोंड उघडलंही होतं मी.

"तो रस्ता, ऑर्व्हिल," वेंडेल घाईने म्हणाला. "त्या रस्त्याने माझे दातसुद्धा सैल होतात."

"तुझे दात मी बसवलेले नाहीत. नोरीन, पेचकस दे."

मी दिला. त्याने खुर्चीत बसून बंदूक मांडीवर घेतली, दुर्बीण काढली, पट्टी काढली आणि चारही स्क्रू शेजारच्या स्टुलावर क्रमाने उभे ठेवले. डोळे त्याने मिटूनच घेतले होते. नखाने एकेक स्क्रू मापला. तिसऱ्यापाशी पोचायला त्याला दहा सेकंदही लागले नाहीत.

"हा लांब. पुढच्या भोकातला." त्याने डोळे उघडले आणि वेंडेलच्या कानाच्या दिशेने बघितलं. "तुझ्या बंदुकीत पुढे कुठला आहे, वेंडेल?"

"आखूड."

"मी घातलेला?"

वेंडेल एवढा मोठा माणूस, पण खुर्चीत बसल्या जागी लहान झाला.

"मी बदलला," मी म्हटलं.

"आणखी कुणाकुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"कधीपासून?"

"हे तिसरं वर्ष."

तो ओरडेल किंवा रडेल असं मला वाटलं. दोन्हीसाठी काय बोलायचं, हे मी तीन वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. स्क्रू एका कागदात गुंडाळले, पुडी करून माझ्यापुढे धरली.

"तरीच सगळे कोठाराला वळसा घालून जातात," तो म्हणाला. "मला वाटायचं पुढचा रस्ता खराब झाला. गाड्या दिसतात मला अजून."

"ऑर्व्हिल, तुला वाईट वाटू नये म्हणून–"

"ते कळलं. तीन वर्षं तुम्ही मला सांभाळलंत. उपकार झाले. त्या एल्कला कुणी सांगितलं होतं का?"

वेंडेलने हातातला कप खाली ठेवला.

"आणि त्या पोरीला?" तो पुढे म्हणाला. "आत्ता नखाने मापले, तसे मला केव्हाही मापता आले असते. मापले नाहीत. नखाने मापायला लागलो असतो तर डोळे गेलेत हे मला मान्य करावं लागलं असतं. तो माझा गुन्हा, त्याचं काय करायचं ते मी बघतो. तुमचा तुम्ही बघा. तिला तू जाऊन सांग, नोरीन."

"तू चल बरोबर."

"मी आलो तर ती मलाच धीर देत बसेल. तू जा. आत्ता."

वेंडेल उठायला लागला तर त्याने हात वर करून त्याला बसवलं. "तुझ्याकडून तिने पुष्कळ ऐकलंय."

मी बंदूक, सुटी दुर्बीण, पट्टी आणि पुडी घेऊन गाडी काढली. वेंडेलच्या खळ्यामागे तिच्या खिडकीत उजेड होता. ती स्वयंपाकघरात वह्या तपासत बसली होती. मला बघून तिने लगेच कॉफी ओतली. इथे आल्यावर ती हे शिकली होती, आलेल्या माणसाला आधी कॉफी, मग काम.

मी उभ्यानेच सांगितलं. स्क्रूचं सांगितलं, फुलीचं सांगितलं, मागच्या दाराचं सांगितलं. पुडी उघडून लांब आणि आखूड स्क्रू टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिने ते बराच वेळ बघितले. नुसत्या डोळ्यांनी फरक सहज दिसत होता.

"म्हणजे मी हलले नव्हते," ती म्हणाली.

"नाही. तुझं काही चुकलं नव्हतं."

मला वाटलं आता तिला बरं वाटेल. तिने लाल पेन्सिल खाली ठेवली.

"वेंडेलला माहीत होतं?"

"हो."

"तो दोन दिवस माझ्याबरोबर चालला. मी बर्फात बसून रडत होते, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांच्या हातून होतं, म्हणाला."

"हो."

"तेव्हाही त्याला माहीत होतं."

"हो."

"मुलांच्या आई-बापांना?"

"बहुतेकांना."

तिने मनातल्या मनात मोजल्यासारखं केलं. "म्हणजे गावात दोघांनाच माहीत नव्हतं. त्यांना आणि मला."

मी स्क्रू गोळा करून परत कागदावर ठेवले.

"एक विचारू? त्यांनी आज बंदूक उचलली नसती, तर तुम्ही मला सांगितलं असतं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि वाटेत मी उत्तर तयार केलं होतं. आज ना उद्या सांगणारच होते. एवढं साधं उत्तर होतं आणि ते जवळजवळ खरं वाटत होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तशी, रागाने नाही, नुसती थांबून.

"नाही," मी म्हटलं. "स्क्रू बदलले असते, फुली सरळ केली असती आणि विकली असती."

"आणि मी पुन्हा कधी बंदूक हातात धरली नसती."

"नसती."

तिने मान हलवली. पुडी बांधून खिशात टाकली, खुंटीवरचा जाडा कोट घातला.

"मिस्टर स्टेनेरूड घरी असतील ना आता?"

"पोचले असतील."

"बंदूक?"

"गाडीत आहे."

ती बाहेर गेली. खिडकीतून मला दिसत होतं. माझ्या गाडीतून तिने दुर्बीण-पट्टीसकट बंदूक काढली, विकण्याची चिठ्ठी तोडली आणि बंदूक आपल्या गाडीत ठेवली. तेवढ्यात वेंडेलही घरी येऊन पोचला होता. फाटकाशी उभा राहून त्याने तिला हात केला आणि तसाच वर धरून ठेवला. ती त्याच्या शेजारून, वेग कमी न करता, ऑर्व्हिलच्या घराच्या दिशेने निघून गेली.

टेबलावर तिने माझ्यासाठी ओतलेली कॉफी होती. ती प्यायचं धाडस मला झालं नाही. कप धुऊन पालथा घातला आणि दार ओढून घेतलं.